नोंदी: अमळनेरच्या स्टुडिओतली ५०० जीबीची डिस्क

७ मे २०२४, जळगाव

अमळनेरहून नाना आले. तिथे त्यांचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर व्हायची तेव्हापासूनचा. टॉवेलात गुंडाळलेली साडेतीन इंची डिस्क टेबलावर ठेवली आणि आधी पाणी मागितलं.

हकिगत अशी. फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून जुन्या गावाची शूटिंग आहे का म्हणून लोक स्टुडिओत विचारायला येतात. नानांनी कपाटातली जुनी डिस्क काढून कॅप्चरच्या मशीनला जोडली. त्या मशीनमध्ये फायरवायर कार्ड (कॅसेटवरचं शूटिंग संगणकात घ्यायचं) आहे, म्हणून ते अजून विंडोज ७ वरच. मग विंडोज बिघडलं आणि भाच्याने ते नव्याने टाकायला घेतलं. आत दोन डिस्क, दोन्ही ५०० जीबीच्या. सेटअपच्या पडद्यावर फक्त ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’. त्याने नको त्या डिस्कवरची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, उडवली, नवं पार्टिशन केलं, पुढे चाल दिली. फाइली कॉपी होण्याचा टक्का दिसू लागला तेव्हा नानांचं लक्ष गेलं आणि त्यांनी सरळ वायर ओढली. हे फार बरं केलं.

(विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण कोणी करत नाही.)

त्यानंतर कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं का, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) केलं का, ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला हो म्हटलं का, हे खोदून विचारलं. नाही म्हणाले.

पूर्वीची मांडणी: सी वर एक्सपी आणि सॉफ्टवेअर, डी वर लग्नं, ई वर वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रातली, वर्षावर्षाचे फोल्डर करून. मूळ कॅसेट पुसून पुन्हा वापरल्या गेल्यात. निघता निघता म्हणाले, “मन्ही पोरनं लगीन शे त्याम्हा.”

८ मे

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती स्मार्टची माहिती वाचली. १९७ क्रमांकावर, म्हणजे वाचायला अडलेल्या सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) खान्यात, शून्य नाही. १९९, केबलच्या चुकांचा खाना, स्वच्छ. म्हणजे दोन दुखणी आहेत: एक पार्टिशन टेबलाचं, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं याच्या यादीचं, एक डिस्कच्या तब्येतीचं. दुसरं जास्त तातडीचं. आधी पूर्ण नक्कल, बाकी सगळं नकलेवर. मूळ डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही.

दुपारी थोडं वाचून पाहिलं तर डिस्कचं तापमान ५४ अंश दाखवलं. मे महिन्यातल्या जळगावात पत्र्याखालच्या दुकानात दुसरं काय होणार. बंद केली. नक्कल रात्री. डिस्कवर साधा पंखा सोडायचा, कूलर नाही. कूलरची ओलसर हवा उघड्या सर्किटवर नको.

फोटोरेक लावून फाइली उपसून घेता येतील का, असं नानांच्या भाच्याने फोनवर विचारलं. येतील, पण या कामाला ती वाट शेवटची. फोटोरेक फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून पुढचा मजकूर सलग उचलतो. नाव जातं, फोल्डर जातो, आणि फाइल तुकड्यातुकड्यात पडलेली असेल तर मधेच दुसऱ्याचं वऱ्हाड घुसतं. डीव्हीचं कॅप्चर तासाला साधारण १३ जीबी. एवढ्या मोठ्या फाइली भरत आलेल्या डिस्कवर सलग सापडणं अवघड. पार्टिशनच्या आतली एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलींची मांडणी, शाबूत असेल तर कुठला तुकडा कुठे हे तिला ठाऊक आहे. तिच्यापर्यंत पोहोचायची वाट तेवढी मोडली आहे.

तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा फाटला म्हणून शेत जागचं हलत नाही. हद्दीचे दगड सापडले की मोजणी पुन्हा करता येते. भाच्याला एवढंच सांगितलं.

९ मे, रात्र

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून अडत्या डिस्कची नक्कल करणारं डीडीरेस्क्यू लावलं. नव्या १ टीबी डिस्कवर इमेज फाइल, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलीत नक्कल, शेजारी तिची मॅपफाइल. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं, खरवडत बसायचं नाही. जे सहज येतं ते आधी पदरात पाडून घ्यायचं.

रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि मशीन एवढं सगळं चाललं नाही, मशीन बंद पडलं. मॅपफाइलचा उपयोग इथे कळतो: कुठून कुठवर वाचलं आणि कुठे अडलं हे त्यात लिहिलेलं असतं, वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली की काम तिथून पुढे चालू. खानदेशात उन्हाळ्यात हे काम करणाऱ्याने मॅपफाइलशिवाय डीडीरेस्क्यू चालवूच नये.

१० मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दुकान बंद. सकाळी फक्त येऊन अडलेल्या जागांवर दुसरी फेरी लावली, सेक्टर सेक्टर थेट वाचणारी, मग उलट्या दिशेने. घरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, त्यामुळे डिस्ककडे कोणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी पाहिलं: मोजक्या जागा सोडल्या तर सगळं आलं. डिस्क काढून पिशवीत ठेवली.

११ मे

आता मोजणी. इमेज फक्त वाचण्यासाठी उघडली.

डिस्कचे एकूण सेक्टर ९७,६७,७३,१६८, प्रत्येकी ५१२ बाइटचा. शून्याव्या सेक्टरमध्ये पहिले ४४६ बाइट बूटसाठीचे, नंतर १६ बाइटच्या चार नोंदी, शेवटी ५५ एए ही खूण (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेत). सगळं पार्टिशन टेबल म्हणजे हे ६४ बाइट. भाच्याने एवढ्यावर लिहिलं आणि २०० जीबीची लग्नं अदृश्य झाली.

सध्या तिथे विंडोज ७ च्या दोन नोंदी आहेत: २०४८ पासून १०० एमबीचं राखीव पार्टिशन, आणि २,०६,८४८ पासून शेवटापर्यंत एकच मोठं. जुन्याचा मागमूस नाही.

जुनं एक्सपीचं. एक्सपी पार्टिशन सिलिंडरच्या हद्दीवर पाडायचं: २५५ हेड गुणिले ६३ सेक्टर, म्हणजे १६,०६५ चा एक सिलिंडर. पहिलं पार्टिशन ६३ पासून. विंडोज व्हिस्टापासून ही सुरुवात २०४८ वर गेली. म्हणून ६३ ते २०४७ ही पट्टी नव्या सेटअपने ओलांडली, तिला हात लावला नाही. ६३ वर पाहिलं: ईबी ५२ ९०, आणि पुढे ‘एनटीएफएस’ अशी अक्षरं. जुन्या सीचा बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनची मोजमापं लिहिलेला पहिला सेक्टर, जिवंत आहे. त्यातला एकूण सेक्टरचा आकडा १०,४८,५६,१९१.

एनटीएफएस स्वतःच्या बूट सेक्टरमध्ये आकार लिहिताना एक सेक्टर कमी लिहिते. तो शेवटचा सेक्टर बूट सेक्टरच्या बॅकअपसाठी असतो. म्हणजे पार्टिशन १०,४८,५६,१९२ सेक्टरचं, ६३ धरून पुढचं पार्टिशन सुरू होतं १०,४८,५६,२५५ वर. याला १६,०६५ ने भागलं तर बरोबर ६,५२७, बाकी शून्य. हद्द सापडली.

या हद्दीवर एक्सटेंडेड पार्टिशनची (पोटात लॉजिकल ड्राइव्ह नावाचे भाग असलेल्या पार्टिशनची) पहिली साखळी-नोंद असायला हवी होती. तिथे नुसते शून्य आहेत. पार्टिशन उडवताना पुसली गेली असणार. हरकत नाही, एक्सपी ६३ सेक्टर सोडून लॉजिकल ड्राइव्ह सुरू करायचं. १०,४८,५६,३१८ वर उघडलं: ईबी ५२ ९०, एनटीएफएस. हा डी. आकार ४१,९४,२४,९५६, म्हणजे टेबलात ४१,९४,२४,९५७ लिहायचा.

इथे एक घोटाळा टाळायचा. बूट सेक्टरमध्ये ‘आधीचे लपलेले सेक्टर’ असा एक खाना असतो, त्यावरून पार्टिशनची सुरुवात थेट कळेल असं वाटतं. डीच्या त्या खान्यात ६३ आहे. लॉजिकल ड्राइव्ह असल्यामुळे तो आकडा आपल्या साखळी-नोंदीपासून मोजलाय, डिस्कच्या सुरुवातीपासून नाही. तो तसाच उचलून टेबलात लिहिला असता तर डी जाऊन सीच्या डोक्यावर बसला असता.

दुसऱ्या टोकाकडून पडताळा: सुरुवात अधिक आकार, ५२,४२,८१,२७४ वर बॅकअप असायला हवा. आहे. पहिल्याशी बाइट न् बाइट ताडून पाहिला, एकच.

तिसरा पडताळा: बूट सेक्टर म्हणतो एमएफटी, म्हणजे एनटीएफएसची सगळ्या फाइलींची यादी, ७,८६,४३२ व्या क्लस्टरवर. आठ सेक्टरचा क्लस्टर, म्हणजे सुरुवातीपासून ६२,९१,४५६ पुढे, ११,११,४७,७७४ वर. तिथे ‘फाइल’ ही चार रोमन अक्षरांची खूण आहे आणि तिच्यामागे ओळीने तशाच नोंदी. सुरुवात एका सेक्टरनेही चुकली असती तर ही खूण इथे लागली नसती.

१२ मे

ई अडला. डीच्या शेवटानंतर हद्द ५२,४२,८१,२७५, ती ३२,६३५ व्या सिलिंडरवर चोख बसते. अधिक ६३, म्हणजे ईची सुरुवात ५२,४२,८१,३३८. आणि नेमका तोच सेक्टर मॅपफाइलमध्ये न वाचलेला. त्याच्या आजूबाजूचे मिळून आठ सेक्टर गेलेत.

सुरुवातीचा दगड गेला तर शेवटचा शोधायचा. एक्सपीने शेवटच्या पूर्ण सिलिंडरपर्यंतच जागा वापरली असणार: ६०,८०१ सिलिंडर, म्हणजे शेवटचा सेक्टर ९७,६७,६८,०६४. उघडला. एनटीएफएस. आकार ४५,२४,८६,७२६. शेवटातून आकार वजा केला तर ५२,४२,८१,३३८. पुढून काढलेला आकडा आणि मागून काढलेला आकडा एकच.

एमएफटीही पाहिली, ५३,०५,७२,७९४ वर, जागेवर आहे.

या शेवटच्या सेक्टरच्या बाबतीत नशीब जोरावर. नव्या फॉरमॅटनेही आपला बॅकअप सगळ्यात शेवटी लिहिला, ९७,६७,७१,०७१ वर. एक्सपी सिलिंडरच्या हट्टापायी डिस्कच्या शेवटी ५,१०३ सेक्टर रिकामे सोडून गेलं होतं, तो घाव त्या रिकाम्या पट्टीत पडला. जुनं पार्टिशन शेवटपर्यंत ताणलेलं असतं तर हा बॅकअप टिकला असता की नाही, सांगता येत नाही.

ईच्या गेलेल्या आठ सेक्टरपैकी कामाचा एकच. पहिले १६ सेक्टर बूट फाइलचे, त्यातल्या पहिल्यात मोजमापं, बाकीच्यात विंडोज सुरू करण्याचा कोड. नुसत्या डेटाच्या ड्राइव्हला त्या कोडशी देणंघेणं नाही. इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर शेवटचा बॅकअप सेक्टर उचलून सुरुवातीला ठेवला.

संध्याकाळी नव्या फॉरमॅटने नक्की किती तुडवलं ते पाहिलं. नव्या एनटीएफएसची बिटमॅप, म्हणजे कुठले क्लस्टर वापरात आहेत याची नोंद, वाचली. तिच्यातले १,३०,८१,१७५ च्या खालचे क्लस्टर जुन्या सीच्या हद्दीत येतात आणि वापरात दाखवलेले सगळे त्याच्या बरेच खाली आहेत. वायर ओढल्यामुळे बिटमॅप शेवटच्या क्षणापर्यंतची असेलच असं नाही. पण सेटअप काही जीबीच कॉपी करतो आणि सी ५० जीबीचा होता. डी आणि ई वाचले. सीचं मात्र कठीण: नवी एमएफटी जुन्या एमएफटीच्या सुरुवातीपासून जेमतेम १०० एमबी पुढे जाऊन बसली आहे.

सेटअपचं फॉरमॅट झटपट प्रकारचं असतं हेही बरं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं. आणि ही एसएसडी असती तर रिकामी झालेली जागा पुसायची ट्रिमची आज्ञा जाऊन हे सगळे आकडे काढायला काही उरलं असतं का, शंकाच आहे.

१३ मे

मतदान. मतदान करून आलो आणि हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क चालवलं, मुद्दाम हाताने हिशेब केल्यानंतर.

झटपट शोधात त्याने विंडोज ७ ची दोन पार्टिशन दाखवली, जणू काही घडलंच नाही. खोल शोधाला लावल्यावर सी, डी, ई तिन्ही आले. मूळ इमेजवर चालवल्यामुळे ईच्या पुढे ‘बॅकअप सेक्टरवरून सापडला’ अशी टीप. आकडे माझ्याशी जुळले. शिवाय डीच्या पोटात सुरू होऊन ईच्या पोटात संपणारं एक चौथंही आलं, कधीकाळी या डिस्कची वेगळी वाटणी होती तिचं भूत. फाइलींची यादी मागितली तर उघडेना, आणि त्याच्या एमएफटीच्या जागी कुठल्याशा व्हिडिओचा मजकूर.

टेस्टडिस्क उत्तम आहे, फुकट आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते मुक्त परवान्यावर दिलंय. माझी तक्रार वापरणाऱ्यांबद्दल आहे: यादी आली की एंटर, एंटर, राइट. एकमेकांवर चढलेल्या चार उमेदवारांतून खरे कोणते हे निवडायचं काम ते तुमच्यावर सोडतं. हातात आधी काढलेले आकडे असले तर निवड सोपी.

१४ मे

टेबल लिहायची खरं तर गरज नव्हती. डीची सुरुवात गुणिले ५१२, म्हणजे ५३,६८,६४,३४,८१६ बाइट पुढे सरकून इमेज तशीच माउंट होते, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडते; केली, आणि फोल्डरची नावं दिसली. पण ईच्या एमएफटीतल्या दोन-तीन नोंदी न वाचलेल्या जागांत अडकल्यात, त्यासाठी विंडोजचं चेकडिस्क हवं, आणि विंडोजला टेबल हवं.

एक्सटेंडेडची साखळी पुन्हा बांधत बसलो नाही. साखळीत प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हची नोंद त्याच्या दाराशी, तिचे आकडे कधी स्वतःपासून मोजलेले, कधी एक्सटेंडेडच्या सुरुवातीपासून. चुकायला भरपूर वाव. पार्टिशन तीनच आहेत आणि टेबलात जागा चार. तिन्ही प्रायमरी, म्हणजे थेट टेबलात नोंदलेली, केली. आतल्या एनटीएफएसला आपण लॉजिकल होतो की प्रायमरी याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या प्रतीवर एसएफडिस्कला (लिनक्सवरच्या टेबल लिहिणाऱ्या आज्ञेला) दिलेल्या ओळी:

सुरुवात ६३, आकार १०४८५६१९२, प्रकार ०७
सुरुवात १०४८५६३१८, आकार ४१९४२४९५७, प्रकार ०७
सुरुवात ५२४२८१३३८, आकार ४५२४८६७२७, प्रकार ०७

लिहून झाल्यावर शून्याव्या सेक्टरमधले बाइट डोळ्यांनी वाचले. डीच्या नोंदीत सुरुवात एफई एफए ३एफ ०६. हे बाइट उलट क्रमाने वाचायचे, ०६ ३एफ एफए एफई, म्हणजे १०,४८,५६,३१८. पुढे आकार बीडी ईए एफएफ १८. बूट सेक्टरमधला तोच आकडा बीसीने सुरू होतो, तो एक सेक्टरचा फरक इथे उघडा दिसतो.

चेकडिस्क ईवर चालवलं, याच प्रतीवर. काही फाइली हरवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये गेल्या, त्यांची नावं गेली. डीवर चालवलं नाही. जे नीट आहे त्याची दुरुस्ती कशाला.

१६ मे

ही प्रत नव्या डिस्कवर जशीच्या तशी ओतून द्यायची नाही असं ठरवलं. जुनी पार्टिशन ६३ च्या हिशेबाने पडलीत. आजच्या डिस्क आतून ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरतात, त्यावर ही मांडणी तिरकी बसते आणि लिहिताना डिस्क रखडते. नव्या डिस्कवर २०४८ पासून नवीन पार्टिशन, त्यात फाइली कॉपी.

ड्राइव्हची अक्षरं डी आणि ई हीच ठेवायला सांगायचं. मिक्सिंगच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये क्लिपचे पत्ते अक्षरासकट लिहिलेले असतात. अक्षर बदललं की प्रोजेक्ट उघडतो आणि सगळ्या क्लिप लाल.

न वाचलेल्या जागा कुठल्या फाइलींत पडल्या ते शोधलं. डीडीरेस्क्यूला त्या जागांवर ओळखू येईल असा मजकूर भरायला सांगितला आणि सगळ्या फाइलींत तो मजकूर शोधला. ईवरच्या यात्रेच्या एका कॅप्चरमध्ये आणि डीवरच्या दोन लग्नांत सापडला. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली असते, पालमध्ये (आपल्याकडच्या व्हिडिओच्या पद्धतीत) १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५. चार केबीचा खड्डा एका फ्रेममध्ये, फार तर दोनांत मावतो. पालखीच्या शॉटमध्ये एक क्षण चौकड्या उडतात, पुढे चित्र साफ. आजच्या मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेमा एकमेकींवर अवलंबून असतात, तिथे एवढ्याच खड्ड्याने पुढचं बरंच बिघडलं असतं.

१८ मे

नाना आणि भाचा दोघं आले. मुलीच्या लग्नाची फाइल आधी लावली, सुरुवात, मध्य, शेवट असं फिरवून पाहिली. नाना बँडवाल्यांची नावं सांगत बसले. भाचा गप्प होता. त्याला शून्याव्या सेक्टरचा कागद दाखवला, तर त्याने ‘हे एफई म्हणजे किती’ पासून सुरुवात केली आणि तासभर उठला नाही. पोरगा कामाचा आहे.

सी वरच्या डेस्कटॉपवर काही अल्बमची डिझाइनं होती असं नानांना आज आठवलं. सीवर फोटोरेक लावलाय, जेपीजी बरेच निघताहेत, नावाशिवाय. लेयरच्या मूळ फाइली मोठ्या, त्यातल्या काहीच उघडतात. जे उघडतं तेवढं पेनड्राइव्हवर देईन, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जुनी डिस्क परत दिली, वर मार्करने ‘जोडू नये’. नव्या डिस्कची दुसरी प्रत करून ती घरी ठेवायची, स्टुडिओत नाही, हे नानांकडून कबूल करून घेतलं. इमेज माझ्याकडे जूनअखेरपर्यंत राहील, नंतर पुसणार.